म्हाकूआक्काची रिकामी पोती

माझ्या सगळ्या नोकरीत मी पोती मोजली. भरलेली कमी, रिकामी जास्त. ती बैलगाडीतून यायची, सायकलीच्या कॅरिअरवरून यायची, कुणाच्या तरी डोक्यावरून यायची. आपल्या पायांनी चालत आलेली आणि मोजणी होईपर्यंत चावडीपुढच्या लिंबाचा खालचा पाला फस्त करणारी पोती मात्र मी एकदाच मोजली. ती म्हाकूआक्काची.

मी कराडचा, नदीकाठचा. बाविसाव्या वर्षी ग्रामसेवक झालो आणि नेमणूक मिळाली ती सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जतच्या बाजूच्या एका माळरानावरच्या गावात. हायब्रीड ज्वारीचं बी नुकतंच आलं होतं ते दिवस. माझ्याजवळ तेव्हा एक सायकल, एक कापडी पिशवी, ट्रेनिंग सेंटरात श्रमदानासाठी मिळालेली एक पितळी शिट्टी आणि शेतीबद्दलचं अमर्याद ज्ञान होतं. पैकी सायकल तेवढी उपयोगी पडली.

पेरणीआधी, वैशाखात, मी सातबारे पाहून काही शेतं निवडली आणि त्यांत 'हायब्रीड ज्वारी – नमुना शेत' अशा पाट्या रोवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर एका पाटीला टेकून मेंढरू अंग खाजवत होतं. आत आणखी एकोणचाळीस. चहूबाजूंनी खुंट्या रोवून जाळं लावलेलं. सरकारी पाटीचा असा अपमान मला सोसला नाही. मी दोन खुंट्या उपटल्या, गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकली.

मेंढरांनी आयुष्यात शिट्टी ऐकली नसावी. ती दाही दिशांना गेली. निम्मी ओढ्यात, काही शेजारच्या गावाच्या हद्दीत आणि एक माझ्या दोन पायांच्या मधून. बाभळीखाली भाकरी खात बसलेली एक उंच, काटकुळी बाई सावकाश उठली. हिरवं लुगडं, भर उन्हाळ्यात खांद्यावर घोंगडं, हातात बाभळीची काठी. तिनं घशातून एक आवाज काढला आणि जवळची मेंढरं जागच्या जागी थांबली. मग ती माझ्याकडं वळली.

"कोन रं तू?"

"मी ग्रामसेवक. ह्या नमुना शेतात मेंढरं घातली कुणी?"

"शेत माजं, मेंढरं माजी. आन तू माजं खत हाकललंस."

उरलेलं खत गोळा करता करता दुपार झाली. ओढ्यातलं मी गोळा केलं. त्या दिवसापासून तिच्या लेखी माझं नाव 'शिट्टीवाला' पडलं ते पडलंच. खरं नाव तिनं कधी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

त्या दुपारीच मला कळलं, की ते जाळं म्हणजे वाघर. पेरणीआधी शेतात वाघर लावून मेंढरं बसवायची, रोज जागा थोडी सरकवायची. लेंड्या आणि मूत मुरलं की त्या रानाला वर्षभर दुसरं काही लागत नाही. दिवाळीनंतर म्हाकूआक्का आणि तिचा नवरा सिदूमामा कळप घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठी जात. तिथले ऊसवाले आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायला एका रातीचे ठरलेले दाणे मोजत. उन्हाळ्याच्या अखेरीस परत येऊन ते हेच आपल्या रानात करत. ते रान आक्काला तिच्या बापानं लिहून दिलेलं होतं. सिदूमामा फार बोलत नसे. लागेल तेवढं आक्का बोलते, अशी त्याची समजूत होती आणि ती बरोबर होती.

आक्काला नियम सांगणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. तुम्ही म्हणायचं, असं असं करायचं आहे. ती विचारायची, "ह्ये कुनी ठरवलं?"

"सरकारनं."

"सरकारात कुनी? नाव सांग."

इथं बहुतेकांची परीक्षा संपायची. तलाठी म्हणायचे, वरनं आलंय. मास्तर म्हणायचे, वरनं आलंय. मी तर जांभई दिली तरी वरनं आलीय म्हणायच्या तयारीत असे. आक्का मान वर करून आभाळाकडं बघायची आणि म्हणायची, "वर तर घार हाय नुसती."

एकदा एस.टी.त ती कोकरू घेऊन चढली. मी मागच्याच बाकावर होतो. कंडक्टर म्हणाला, कोकराचं अर्धं तिकीट पडेल.

"कुनी ठरवलं?"

"नियम हाय, मावशे."

"कुनाचा? नाव सांग."

गाडी घाटात, उन्हानं सगळे कावलेले. कंडक्टर वैतागून ओरडला, "माझा! मी ठरवलंय! मारुती ज्ञानू पवार, बिल्ला बघून घे!"

आक्का एकदम खूश झाली. कनवटीचे पैसे काढून तिनं कोकराचं तिकीट घेतलं आणि मागं वळून मला म्हणाली, "बग. एवड्या मुलकात एक मानूस भेटला." उतरताना त्याला तिनं मूठभर शेंगाही दिल्या. तेव्हा मला ती गंमत वाटली. तिचा सगळा हिशेबच त्यात होता हे कळायला मला पुष्कळ गोंधळ घालावे लागले.

आता माझा मुख्य गोंधळ.

योजना अशी होती, की हायब्रीड पेरणाऱ्यानं सोसायटीतून सल्फेट खताची पोती घ्यायची, ती रानाला घालायची आणि रिकामी पोती ग्रामसेवकाला दाखवायची. मग निम्मे पैसे अनुदान म्हणून परत. मी छापील फॉर्म घेऊन घरोघर फिरलो. फॉर्मवर शेवटी ओळ होती, 'रिकामी पोती पाहिली – होय / नाही.' मी प्रत्येक दारात पोती पाहिली, 'होय' लिहिलं आणि गावाच्या प्रगतीनं भारावून गेलो. चार-पाच घरांत मला एका पोत्यावर लाल लुगड्याचं ठिगळ दिसलं. गावातल्या बायका पोती सुद्धा एकाच पद्धतीनं शिवतात, केवढी ही एकी, असं मी सरपंच तात्यांना कौतुकानं बोललोसुद्धा. तात्या गंभीरपणे म्हणाले, "व्हय, वळणच हाय तसं गावाला."

हे मी आक्काला सांगितलं तेव्हा ती हसता हसता खाली बसली.

"शिट्टीवाल्या, ते पोतं येकच हाय. तू म्होरल्या दारानं जातुयास, ते मागल्या दारानं तुज्या आदी फुडच्या घरी जातंय. आज चौथ्यांदा माज्या वाड्यावरनं गेलं. आता मी त्येला रामराम घालते."

"मग खत?"

"खत गेलं नदीकाटाला, उसाला. दोन पैसं जास्त मिळत्यात. गावात पोतंच ऱ्हायलं."

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. पण माझे 'होय' लिहून झाले होते, आणि मला नोकरीत अजून कायम व्हायचं होतं. मी पाणी मागितलं.

पाणी देता देता आक्का म्हणाली, "माजा बी कागद भर."

"तुम्ही कुठं पोती घेतलीत?"

"बी सरकारचं पेरलं. खत माजं घातलं. इतक्या राती मेंढरं माज्या रानात बसली. त्या राती उसवाल्याच्या रानात बसवली असती तर त्यानं दानं दिलं असतं. ते मी सोडलं. मंजी खताला माजा खर्च झाला का न्हाई? त्येचं निम्मं सरकारनं द्यावं. ज्यांनी खत घातलंच न्हाई त्यांना देतंया, मी घातलंय."

ज्याला उत्तर नसतं ते वर पाठवायचं हे मी शिकलो होतो. वर ते नामंजूर होईल, आक्का वरच्यांवर चिडेल आणि मी सुटेन, असा माझा डाव. मी फॉर्म भरला. खताचा प्रकार : लेंडी. नग : चाळीस. सोडलेल्या दाण्यांची किंमत ती सांगेल तशी मांडली. आणि शेवटच्या ओळीला माझा हात, त्या पंधरवड्याच्या सवयीनं, आपला आपणच 'होय' लिहून मोकळा झाला. आक्कानं अंगठा उठवला.

तालुक्याच्या कारकुनानं पाहिलं असेल एवढंच, की सगळे रकाने भरलेले आहेत. सरकारचे पैसे इतक्या लवकर आलेले मी त्यानंतर कधी पाहिले नाहीत. यादीत सगळ्यांत वर म्हाकूआक्का. त्या आठवड्याच्या बाजारात तिनं त्या पैशांचा एक दांडगा काळा एडका घेतला आणि त्याचं नाव ठेवलं वरन्या. "पैसं वरनं आलं, ह्यो बी वरनं आला."

गावात हसू झालं आणि मग पोटदुखी सुरू झाली. तात्यांनी तालुक्याला अर्ज केला, की मेंढरांच्या लेंड्यांना अनुदान मिळायला लागलं तर उद्या कोंबड्यावाले रांग लावतील. तिकडून विस्तार अधिकाऱ्यांचं पत्र आलं. म्हाकूबाईकडून रक्कम वसूल करावी, तिचं नाव यादीतून कमी करावं, ग्रामसेवकानं खुलासा करावा. आणि खाली एक ओळ, साहेब समक्ष येऊन पोत्यांची तपासणी करतील.

ती ओळ वाचून तात्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पोत्यांची तपासणी म्हणजे सगळ्याच पोत्यांची. संध्याकाळच्या आत ते माझ्या खोलीवर हजर.

"ग्रामशेवक, उगं वाढवू नका. मी बारा पोती देतो. तिच्या दारात ठिवा. तिनं म्हनावं, अंगठा चुकून उटला, खत पोत्यातलंच घातलं. तिचं पैसं तिला ऱ्हातील, तुमची नोकरी तुमाला, आमचं आमाला."

मला ती सूचना इतकी सुंदर वाटली की मी तात्यांचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी सायकलीला बारा पोती बांधून मी आक्काच्या दारात उभा राहिलो. ती शेंगा सोलत होती.

"आक्का, एवढी ठेवून घ्या. साहेब विचारतील तेव्हा नुसती मान हलवा."

तिनं सगळ्यांत वरच्या पोत्याचं लाल ठिगळ दोन बोटांनी चाचपलं. "आलास का, बाबा, तू बी," असं ती म्हणाली ते मला नव्हे, पोत्याला. मग माझ्याकडं बघून, "मान हलवाया मी काय नंदीबैल हाय?"

"पैसे परत द्यावे लागतील. यादीतून नाव जाईल. पुढच्या साली बी मिळणार नाही."

"गेलं तर गेलं. खत मी घातलंय. पोत्यापाशी हुबी ऱ्हायले तर घातलं न्हाई असं हुतंय."

"माझी नोकरी जाईल, आक्का."

ती सोललेले मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "गेली तर मेंढरामागं ये. शिट्टी हायच तुज्याजवळ."

मी पोती परत नेली. उतारावर दोन पडली, ती उचलताना मला पहिल्यांदा असं वाटलं की ती रिकामी असूनही फार जड आहेत.

साहेब आले ते भाद्रपदात, जीपमधून, सकाळच्या वेळी. चावडीत खुर्ची मांडली, तात्यांनी चहा आणवला. मी खुलाशाचे तीन मसुदे खिशात घेऊन उभा होतो. तिन्हींत चूक दुसऱ्याची होती. एवढ्यात घंटांचा आवाज आला, आणि चावडीपुढचं मोकळं अंगण मेंढरांनी भरून गेलं. पुढं वरन्या, मागं सिदूमामा, आणि काठी टेकत आक्का.

"चाळीस हायती. मोजून घ्या. ह्यो काळा त्यात धरू नका, त्यो मागनं आला."

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"रिकामी पोती."

कुणीतरी फिसकन हसलं. आक्का हसली नाही.

"भरल्याली व्हती तवा रानात बशिवली. तितं रिकामी झाली. तुमच्या कागदात रिकामी पोती दावा म्हनत्यात. दावली."

"बाई, सरकारची चेष्टा करता?"

"चेष्टा कसली? ह्या पोरानं लिवलंय, पोती पाहिली, व्हय. तवा त्यानं पाहिली नव्हती. त्येचं खोटं पडू नये म्हनून आनली."

मला त्या क्षणी लिंबाच्या बुंध्यात शिरता आलं असतं तर शिरलो असतो. पण खाली डोकं घालून मी मेंढरं मोजायला लागलो. खरोखर चाळीस भरली. चाळिसाव्यानं माझ्या खिशातला एक मसुदा खाल्ला. त्यातल्या त्यात तो बरा होता.

साहेबांनी आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते. "हे बघा, नियमात लेंडीखत बसत नाही. पैसे परत करावे लागतील."

"कुनी ठरवलं?"

"वरून आलंय ते."

"वर कोन? नाव सांगा."

"असं एका माणसाचं नाव नसतं, बाई."

"मग तुमचं सांगा. म्हना, मी ठरवलं, माजं नाव अमुक. ह्यो एडका हितंच इकते आन पैसं टाकते तुमच्या टेबलावर."

मला कंडक्टर आठवला. तिचे शब्द खरे होते, पैसे तिनं दिले असते. सगळ्या गावासमोर वरन्याचं दावं कुणाच्या तरी हातात दिलं असतं आणि वर शेंगाही दिल्या असत्या. एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. लेंडीखत नियमात बसत नाही असं ठरवणारा माणूस साहेबांना आठवेना, आणि तो आपण आहोत म्हणायचा धीर होईना. त्यांनी चहाचा कप उचलला. तो केव्हाच संपला होता.

"बरं, नाव ऱ्हावू द्या. कागदाला काय कळतंय, तुमी रान बगा," आक्का म्हणाली.

रान जवळच होतं. तिची ज्वारी साहेबांच्या टोपीला लागत होती, पानं काळीशार हिरवी, माझी पाटी आत कुठं तरी बुडालेली. साहेबांनी एक ताट वाकवून पाहिलं आणि नकळत म्हणाले, "अरे वा." मग आक्कानं काठीनं ओढ्यापलीकडं दाखवलं. तिकडची ज्वारी कमरेएवढी, पिवळी.

"आता पोतीवाल्यांची रानं बगा. तात्याचं म्होरलंच हाय."

तात्या टोपी काढून घाम पुसू लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ते पलीकडं गेले असते तर त्यांना लिहावं लागलं असतं, आणि ते लिहिणं आमच्या गावावर थांबलं नसतं. "उशीर झाला," ते म्हणाले. "ग्रामसेवक, वसुलीचा अहवाल पाठवा." जीप गेली.

आक्का माझ्याजवळ आली. "लिव. म्हाकूबाई देत न्हाई म्हनती. येवडंच लिव. लांबण लावू नगंस."

मी खोलीवर येऊन उरलेले दोन मसुदे फाडले आणि तेवढंच लिहिलं. मग पेन हातात होतं म्हणून पुढं लाल ठिगळाबद्दलही लिहिलं, आणि माझ्या सगळ्या 'होय'बद्दल. माझ्या नोकरीतला तो पहिला खरा कागद. पंधरा दिवसांनी तो परत आला. ठिगळाचा मजकूर तांबड्या पेन्सिलीनं आडवा मारलेला, समासात शेरा, 'अनावश्यक.' सोबत माझी बदली, शिराळ्याला. ज्याला मेंढरं आवरली नाहीत त्याला नागपंचमीला जिवंत नाग धरणाऱ्या गावात धाडायचं, ह्यात काही विचार असावा. पुढच्या साली हायब्रीडच्या यादीत आक्काचं नाव नव्हतं, आणि वसुलीची नोटीस तिच्या दारात नेमानं येत होती, असं मला तिकडून आलेल्या माणसांनी सांगितलं.

शिराळ्याच्या पावसात सायकल गंजली, शिट्टी हरवली, मी मात्र कसा कोण जाणे कायम झालो. काही वर्षांनी बढतीवर कराडला आलो. टेबल मिळालं, आणि दिवसाला इतक्या कागदांवर सही करायची वेळ आली की माझं नाव झिजत झिजत एक वेलांटी आणि एक शेपूट एवढंच उरलं. ते मलासुद्धा वाचता येत नसे.

दिवाळीनंतरची सकाळ. कचेरीला निघालो होतो, तर कृष्णेच्या पुलावर वाहनं खोळंबलेली. मेंढरं पूल ओलांडत होती. पुढं काळा, आता थोराड झालेला एडका. मी सायकल कठड्याला टेकवली. मागून आक्का आली. लुगडं हिरवंच, घोंगडं तेच, चाल जरा अवघडलेली.

"शिट्टीवाल्या! जाड झालास की रं."

मी वाकून नमस्कार केला. सिदूमामा पुढं नदीपलीकडं गेला होता. तिनं कनवटीतून घडी केलेला कागद काढला. "ह्यो दिवाळीच्या आदल्या दिशी आला. वाच, खाली कुनाचं नाव हाय?"

तीच नोटीस. खाली सही होती, म्हणजे एक वेलांटी आणि एक शेपूट. माझी नव्हती, पण माझी असती तरी फरक कळला नसता. मी कागद उन्हाला धरला, उलटा केला.

"वाचता येत नाही, आक्का."

"मला वाटलं मलाच येत न्हाई," ती म्हणाली. "लिव पाठीमागं. देत न्हाई म्हनती. आन कुनाम्होरं म्हनली ते बी लिव."

मी कठड्यावर कागद ठेवला. 'म्हाकूबाई देत नाही असे समक्ष म्हणते.' खाली हात सवयीनं वेलांटी काढायला निघाला, तो तिनं काठीच्या टोकानं हळूच थांबवला.

"तुजं नाव काय रं, पोरा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी माझं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. तिनं ते एकदा आपल्याशी म्हणून पाहिलं. मग मी ते शाळेत काढायचो तशा अक्षरांत, डोक्यावर रेघ ओढून, पूर्ण लिहिलं.

तिनं घडी कनवटीला लावली आणि निघाली. मागं एक सरकारी जीप केव्हाची हॉर्न वाजवत होती. आक्कानं मागं न बघता काठी आडवी धरली आणि शेवटचं लंगडं कोकरू पुलापलीकडं जाईपर्यंत ती तशीच धरून मेंढराच्या चालीनं चालत राहिली.